'सहानुभूतीची मतं' आणि आमच्या भाचीचा नाच

पायरव

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसतं वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण आठ दिवसांत एक निर्णय कळवायचा आहे आणि काही केल्या मनाचा हिय्या होत नाही.

मला लहानपणापासून दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. यंत्रं लावते. यंत्रं काढली की मागून मारलेली हाक कळत नाही, दार आपटलं तर ते मात्र पायांतून कळतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचंही तेच. ती 15 वर्षांची आहे. नाचते, आणि खरंच चांगलं नाचते. मावशी म्हणून सांगत नाही. मी स्वतः बारा वर्षं नाच शिकले आहे, तिची चूक झाली तर सगळ्यांत आधी मीच दाखवते.

तिच्या शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात यंदा तिचा एकटीचा नाच आहे. बाईंनी सुचवलंय की नाचाआधी दोन मिनिटांची फिल्म दाखवायची. लहानपणीचे फोटो, कानातलं यंत्र जवळून, ताईचे दोन शब्द. मग निवेदक म्हणणार, "हिला ऐकू येत नाही, तरीही..." बाई मनापासून प्रेम करतात तिच्यावर, याबद्दल शंका नाही. ताई हो म्हणाली. दाजी म्हणाले, तिला विचारा. भाची काहीच बोलली नाही.

त्यातच मागच्या रविवारी सगळे घरी जमलो होतो. मी तिला रोझ एलिंग-एलिसचा नाच दाखवत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ही ब्रिटिश अभिनेत्री, जन्मापासून बहिरी. (मला हा शब्द चालतो. 'कर्णबधिर' मी फॉर्मवर लिहिते.) 2021 मध्ये बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'मध्ये (टीव्हीवरची नाचाची स्पर्धा, प्रसिद्ध माणसं व्यावसायिक जोडीदाराबरोबर नाचतात, परीक्षक गुण देतात आणि लोक मतं) तिने भाग घेतला आणि ती जिंकली. त्या कार्यक्रमात येणारी ती पहिली बहिरी स्पर्धक. एका नाचात मधेच संगीत बंद होतं आणि ती आणि तिचा जोडीदार जोव्हानी पर्निचे त्या शांततेत नाचत राहतात. पाय चुकत नाहीत, हात चुकत नाहीत. थोड्या वेळाने संगीत परत येतं आणि दोघं बरोबर तालावर असतात. पुढच्या वर्षी प्रेक्षकांनी मतं देऊन त्या क्षणाला बाफ्टा हा ब्रिटनमधला मोठा टीव्ही पुरस्कार दिला.

भाची डोळे मोठे करून बघत होती. तेवढ्यात आमचे एक नातलग, माणूस वाईट नाही, बाजूच्याला हळूच म्हणाले, "छान आहे, पण शेवटी सहानुभूतीच्या मतांवरच जिंकली ना." त्यांना वाटलं, हळू बोललं की आम्हाला कळत नाही. आम्ही दोघी ओठ वाचतो. आमच्यासाठी हळू आणि मोठ्याने यात फरकच नसतो. भाची उठली आणि आत निघून गेली.

मला माझी गोष्ट आठवली. मी विशीत असताना एका स्टेजवर नाचले होते. निवेदकाने आधी अशीच ओळख करून दिली होती. नाच मनासारखा झाला. शेवटची पोझ धरून उभी होते, छाती धपापत होती, आणि पहिल्या रांगेत एक बाई शेजारणीकडे वळून काहीतरी म्हणाल्या. ब, प, म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात, ओठ मिटतात आणि उघडतात. कोणता ते चेहरा सांगतो. त्यांची मान जराशी तिरकी झाली, भुवया वर गेल्या, आणि ओठ मिटून उघडून पुढे ताणले गेले. "बिचारी." टाळ्या चालू होत्या. त्या टाळ्या मला फळ्यांमधून तळपायांना जाणवत होत्या आणि त्यातल्या किती नाचाला होत्या, हे मला तेव्हापासून आजवर कळलेलं नाही.

म्हणून विचारते. ती फिल्म दाखवू द्यावी का? आणि या मोठमोठ्या शोमध्ये माणसाची गोष्ट आधी सांगतात, मग नाच, त्याने नाच खरंच छोटा होतो का?

निवृत्त वाचक

ताई, खरं सांगतो, राग मानू नका. मी असे कार्यक्रम वर्षानुवर्षं बघत आलोय. आपल्याकडे 2006 मध्ये 'झलक दिखला जा' आलं, ते या ब्रिटिश कार्यक्रमाचंच भारतीय रूप, तेव्हापासून. नाच असतो दीड मिनिटाचा आणि त्याआधीची फिल्म जवळजवळ तेवढीच. आई रडते, स्पर्धक रडतो, संथ पियानो वाजतो. मग नाच सुरू झाला की मी पावलं बघत नाही, मघाचं रडणं आठवतो. मतं गोष्टीला पडतात हे माझं प्रामाणिक मत आहे. त्यात त्या मुलीचा दोष नाही, पण तुमचे नातलग अगदीच चुकीचं बोलले असंही मला म्हणवत नाही.

भाचीला शुभेच्छा. फिल्म नको असं माझं मत.

धा धिन धिन धा

काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. उरलेल्या अर्ध्याचं सांगते.

मी मोठ्या माणसांना बॉलरूम नाच शिकवते. रोझचा सहाव्या आठवड्यातला टँगो एकदा आवाज बंद करून बघा. चारही परीक्षकांनी दहापैकी दहा दिले, म्हणजे 40 पैकी 40. त्या कार्यक्रमाच्या इतिहासात इतक्या लवकर पूर्ण गुण त्याआधी कोणालाच मिळाले नव्हते. आणि तो नेमका टँगो होता, हे शिकवणाऱ्याला फार महत्त्वाचं वाटतं. बॉलरूम टँगोच्या पकडीत दोघांची तोंडं दोन दिशांना असतात. जोडीदाराचा चेहरा दिसतच नाही. म्हणजे जी मुलगी ओठ वाचून जगते, तिच्याकडून तिचं मुख्य साधनच काढून घेतलेलं. राहिलं काय? पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली जोडीदाराचा तळहात. बरगड्यांच्या उजव्या बाजूला त्याचं अंग. त्याचं वजन कोणत्या पायावर गेलं ते तिथून कळतं. बाकी मनातली मोजणी.

माझ्याकडे ऐकू येणारे विद्यार्थी येतात, ते सहा-सहा महिने हे शिकत नाहीत. ते गाण्यावर अवलंबून राहतात आणि जोडीदाराला ओढत नेतात. मी त्यांना डोळे मिटायला सांगते, मग संगीत बंद करते, तेव्हा कुठे अंग ऐकायला लागतं.

स्ट्रिक्टलीचंच अमेरिकी रूप असलेल्या 'डान्सिंग विथ द स्टार्स'मध्ये 2016 साली नाईल डिमार्को जिंकला, तोही बहिरा. त्याची जोडीदार पेटा मर्गाट्रॉयड त्याला हाताच्या दाबाने खुणा द्यायची. या खुणा प्रेक्षकांना दिसत नाहीत. दिसल्या असत्या तर त्याची फिल्म बघून डोळे पुसण्याऐवजी लोक या कारागिरीकडे बघत बसले असते.

आता मतांचं. स्ट्रिक्टलीमध्ये दर आठवड्याला परीक्षकांचा क्रम आणि लोकांचा क्रम यांचे गुण एकत्र होतात. तळाच्या दोन जोड्या पुन्हा नाचतात आणि कोणाला ठेवायचं ते परीक्षक ठरवतात. म्हणजे नुसत्या कळवळ्यावर आठवड्यामागून आठवडे निघणं सोपं नाही. अंतिम फेरीत मात्र फक्त लोकांची मतं धरतात. तेवढ्यापुरतं काकांचं म्हणणं खरं मानू. पण त्या रात्री तिच्यासमोर होते जॉन व्हाईट आणि योहानेस रादेबे, त्या कार्यक्रमातली पहिली पुरुष-पुरुष जोडी. त्यांच्या वाट्यालाही लोकांचे पूर्वग्रह भरपूर आले होते. मग त्यांची मतं कसली धरायची?

भाचीला एक निरोप: नाचाआधी स्टेजवर अनवाणी चालून बघ. लाकडी आहे की सिमेंटचं, ते आधी पायांना कळू दे. सिमेंटमधून ठोका येत नाही.

दोन मुलांची आई

मी इथे हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझा थोरला जन्मला तेव्हा दवाखान्याच्या कागदावर 'मुलगी' असं लिहिलं गेलं. तो मुलगा आहे हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो 19 वर्षांचा होता. पुढे कधीतरी बोलता बोलता म्हणाला, लहान असताना मी चॅझ बोनोचे नाच चोरून बघायचो. मला नावही माहीत नव्हतं. मग मी शोधून शोधून सगळं पाहिलं, वाचलं.

2011 ची गोष्ट. गायिका शेरचा मुलगा चॅझ 'डान्सिंग विथ द स्टार्स'मध्ये आला, त्या कार्यक्रमातला पहिला ट्रान्स स्पर्धक. एक पाऊलही टाकलं नव्हतं आणि लोक तुटून पडले. वाहिनीच्या चर्चापानांवर शिव्या, बहिष्काराची आवाहनं. कारण काय, तर मुलं गोंधळतील. शेरने उघडपणे मुलाची बाजू घेतली. मी ते नाच बघितले. एक जाड, गुडघे दुखणारा, लाजरा माणूस, लेसी श्विमर नावाच्या जोडीदारणीचा हात धरून पावलं मोजतोय. गोंधळण्यासारखं मला त्यात काही सापडलं नाही. नाच बेताचाच होता, तेही सांगते. पण एका परीक्षकाने त्याला पेंग्विनची उपमा दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस तो बाहेर पडला आणि त्यानंतर त्याने स्पष्ट सांगितलं की माझ्या शरीरावरून केलेली ही शेरेबाजी मला अपमानाची वाटली.

आता ऐका. त्याच पर्वात, त्याच फरशीवर जिंकला जे. आर. मार्टिनेझ. 2003 मध्ये इराकमध्ये सैनिक असताना सुरुंगाच्या स्फोटात भाजलेला, चेहऱ्यावर व्रण असलेला तरुण. सुंदर नाचायचा, त्याच्या यशाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्याची गोष्ट सांगितली की लोक उभे राहायचे. चॅझची गोष्ट सांगितली की लोक म्हणायचे, घरातली गोष्ट घरात ठेव, इथे नाच.

म्हणजे काका, लोकांना गोष्ट नको असते असं नाही. कोणाची गोष्ट चालते आणि कोणाची नाही, हे ते आधीच ठरवून बसलेले असतात.

माझ्या मुलाला मी विचारलं, तुला काय आवडायचं त्यात? म्हणाला, "तो घामाघूम व्हायचा, आई. सगळ्यांसारखा."

पायरव ताई, फिल्म दाखवायची की नाही, हे तुम्ही ठरवू नका आणि तुमच्या ताईंनीही ठरवू नये. मी माझ्या मुलाची गोष्ट त्याला न विचारता एका लग्नात सांगितली होती. कौतुकानेच सांगितली होती. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आज इथे लिहायच्या आधी त्याला विचारलंय.

पायरव

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचते आहे. दोन मुलांची आई, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

काका, राग नाही मानला. पण तुमच्या म्हणण्यावर खूप विचार केला आणि मला वाटतं, मूळ गाठ इथेच आहे. लोकांची मतं फक्त नाचाला कधीच पडलेली नाहीत. स्ट्रिक्टलीमध्येच 2008 साली जॉन सार्जंट नावाचे राजकीय पत्रकार होते. परीक्षक त्यांना तळाला टाकायचे आणि लोक दर आठवड्याला वाचवायचे. आपण चुकून जिंकूनच जाऊ, असं वाटून शेवटी ते स्वतः बाहेर पडले. 2010 मध्ये अॅन विडिकम, माजी खासदार. त्यांचा जोडीदार त्यांना फरशीवरून अक्षरशः ओढत न्यायचा. दहाव्या आठवड्यापर्यंत राहिल्या. वाद झाले, परीक्षक वैतागले, पण त्या मतांना लोकांचं प्रेम म्हटलं गेलं. "बिचारे सार्जंट, सहानुभूतीवर टिकले" असं काही माझ्या तरी वाचनात नाही. नाच न येणाऱ्या धडधाकट माणसाला लोकांनी मत दिलं तर तो जिव्हाळा. आणि 40 पैकी 40 मिळवणाऱ्या बहिऱ्या मुलीला दिलं तर सहानुभूती. शब्द मत देणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही, नाचणाऱ्याच्या अंगावरून ठरतो. हे मला सलतं. त्या पहिल्या रांगेतल्या बाईंचंही हेच झालं असणार. त्यांनी नाच पाहिला, त्यांना आवडला, आणि त्या आवडण्यासाठी त्यांच्याजवळ एकच शब्द होता.

आणखी एक. रोझच्या त्या शांततेचं मला इतकं का वाटतं, हे मला आत्ता नीट कळलं. तिथे कोणी तिच्याबद्दल सांगत नव्हतं. उलट काही क्षण सगळ्यांना तिच्या जागी नेलं होतं. 2024 मध्ये ख्रिस मॅककॉस्लंड जिंकला, दृष्टिहीन विनोदी कलाकार, त्याच्याही एका नाचात तो जोडीदाराचे डोळे झाकतो आणि अख्खं स्टेज अंधारतं. ते दोन्ही क्षण नाचाच्या आत होते. आधी नव्हते. बाईंच्या फिल्ममध्ये आणि यात जो फरक आहे, तो मला तेव्हा सांगता आला नव्हता.

ताईला हे सगळं वाचून दाखवलं. ती रडली. म्हणाली, मला वाटलं होतं, लोकांना कळलं की तिला किती कष्ट पडतात, तर तिला नावं ठेवणार नाहीत. आईचं तेही खरंच आहे. ती तिला वाचवायला बघत होती.

निवृत्त वाचक

ताई, सार्जंटांचा मुद्दा मला सुचला नव्हता. मी शब्द मागे घेतो.

तुमचं वाचताना 2007 आठवलं. हेदर मिल्स 'डान्सिंग विथ द स्टार्स'मध्ये कृत्रिम पाय लावून नाचली, अशी ती तिथली पहिलीच. तिचा पाय नाचता नाचता निसटेल का, यावर लोकांनी पैजा लावल्या होत्या. आमच्या ऑफिसात त्यावर बोलणं झालं होतं आणि मी हसणाऱ्यांत होतो. त्याच वर्षी 'झलक'मध्ये सुधा चंद्रन जयपूर फूट लावून नाचत होत्या आणि त्यांच्यासमोर मी हात जोडले होते. एकाच वर्षी, एकाच माणसाने. तेव्हा मला यात विसंगती दिसली नाही. आज दिसली, म्हणून लिहून ठेवतो.

भाचीचं काय ठरलं ते कळवा.

धा धिन धिन धा

स्टेज कसलं आहे ते कळलं का?

पायरव

लाकडी आहे! काल जाऊन आलो. ती अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, मधे दोनदा थांबून टाच आपटून बघितली. डाव्या बाजूला एक फळी सैल आहे, तिथे ठोका फुटतो म्हणाली. मला नव्हतं कळलं. मग दोन्ही स्पीकर स्टँडवरून उतरवून थेट फळ्यांवर ठेवायला लावले. बाई स्वतः उचलायला आल्या.

फिल्मचं तिनेच बाईंना सांगितलं. मी फक्त बाजूला उभी होते. म्हणाली, "फिल्म नको. माझं नाव आणि नाचाचं नाव, बस." मी मधेच म्हटलं, रोझसारखं मधे संगीत बंद करू या का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प. "मावशी, ते तिचं आहे."

मग तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिला काय काय लागतं ते त्यावर लिहून आणलं होतं, तीन ओळी. स्पीकर खाली. निवेदकाने माइक घेऊन तिच्या जवळ यायचं नाही, यंत्र शिट्टी मारतं. आणि पडद्यामागून, तिला समोर दिसेल अशा जागी, कोणीतरी टॉर्च धरायचा. गाणं सुरू होताना एकदा लावायचा, कारण पहिले दोन ठोके फार हलके आहेत, ते फळ्यांतून पोचत नाहीत. तिसऱ्यापासून तिचं ती बघेल.

बाईंनी कागद नीट वाचला. म्हणाल्या, "एवढंच? हे तू आधी का नाही सांगितलंस गं?" भाची म्हणाली, "तुम्ही विचारलंत ते दुसरंच होतं."

फिल्मसाठी ताईने शोधून काढलेले लहानपणीचे फोटो आता घरीच आहेत, रात्री आम्ही तिघी बघत बसलो होतो. कार्यक्रम शनिवारी आहे. टॉर्च मी धरणार. गाणं इतक्या वेळा लावलंय की पहिला ठोका कुठे पडतो ते मला स्पीकरवर हात ठेवून कळायला लागलंय. सेल नवे घातलेत.